घोडच्या पाण्यामागून



वसंत व्याख्यानमालेत राजकारण, अर्थकारण, संतवाङ्मय असे भारदस्त विषय ऐकण्याची आपणांस सवय आहे. त्या पंक्तीत आजचा विषय थोडा पोरकट वाटण्याचा संभव आहे. एका कुटुंबाने सहा दिवस एका नदीच्या सोबतीने, जमेल तेथे होडीतून आणि न जमेल तेथे पायी केलेला प्रवास, एवढाच तो विषय. नदीही फार दूरची नव्हे. आंबेगाव तालुक्यातील घोड. नुसती सहलीची हकीकत सांगून करमणूक करावयाची असती, तर या व्यासपीठावर उभे राहण्याचे धाडस आम्ही केले नसते. परंतु या प्रवासात एक गोष्ट आमच्या ध्यानात आली, ती आपल्यापुढे मांडावीशी वाटते. आपण जिला नदी म्हणतो आणि आपण ज्याला पाणी म्हणतो, त्या दोहोंची वाट आमच्या भागात आता एक राहिलेली नाही.

प्रथम होडीविषयी दोन शब्द सांगतो. अमेरिकेत, कॅनडात आणि युरोपात कुटुंबेच्या कुटुंबे सुट्टीत नदीवर जातात. होडीत तंबू, शिधा आणि मुले घालावयाची, दिवसभर प्रवाहाबरोबर उतरावयाचे, संध्याकाळी काठावर चूल पेटवावयाची आणि सकाळी पुन्हा निघावयाचे. या कामी दोन प्रकारच्या होड्या वापरतात. कनू ही वरून उघडी असते व ती एका पात्याच्या वल्ह्याने चालवितात. कयाक ही त्याहून अरुंद. तिच्यात पाय पुढे पसरून बसतात आणि तिच्या वल्ह्याला दोन्ही टोकांना पाती असतात. कयाक ही उत्तर ध्रुवाकडील इन्युइट लोकांची शिकारीची होडी. सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ते ती बनवीत. कनू हा शब्द कॅरिबियन बेटांवरून युरोपात आला. आता या होड्या प्लास्टिकच्या आणि रबराच्या होतात, आणि हवा काढली की पाठीवरच्या पिशवीत मावतात. तिकडे दोन पाण्यांच्या मध्ये जमीन आली, की होडी खांद्यावर घेऊन चालावे लागते. त्या चालण्याला पोर्टेज असे खास नाव आहे. हे नाव लक्षात ठेवावे. आमच्या प्रवासात त्याचाच भाग अधिक होता.

असा प्रवास आपल्याकडे का रुजला नाही? देशावरचा माणूस भित्रा म्हणून नव्हे. कारण आपल्या भाषेतच दिसते. ऐलतीर आणि पैलतीर, उतार, नदीपार होणे, पाण्याने अडकून पडणे, हे सारे शब्द नदी ओलांडण्याचे आहेत. वाटेत नदी लागली तर आपण म्हणतो, नदी आडवी आली. नदीच्या लांबीने जाण्यासाठी देशावरच्या मराठीत चटकन शब्द सापडत नाही. होडीचे, शिडाचे, नांगराचे शब्द आपल्याला कोकणाने दिले. देशावर पूर आला तर भोपळ्यांची सांगड बांधून किंवा गुळाची काहील पाण्यात लोटून पलीकडे जात. काम भागले, की काहील पुन्हा चुलाणावर.

भाषेमागे भूगोल आहे. आपल्या नद्या पावसाच्या चार महिन्यांत उधाणतात आणि पुढे झपाट्याने आटतात. पूर असतो तेव्हा होडी घालणे म्हणजे जिवाशी खेळ, आणि पूर ओसरला की पात्रात काळा कातळ उघडा पडतो. निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असतील. भोवऱ्यात सापडलेल्या गोट्यांनी वर्षानुवर्षे कातळ कोरून केलेले ते खड्डे आहेत. जेथे नदी दगड कोरते, तेथे लाकडाच्या होडीची काय कथा! शिवाय या नद्यांची दिशाही व्यापाऱ्याच्या सोयीची नाही. समुद्र पश्चिमेला, घाटमाथ्यावरून हाकेच्या अंतरावर. आणि नद्या त्याच्याकडे पाठ फिरवून पूर्वेला जातात. म्हणून सातवाहनांच्या काळी कोकणातल्या बंदरांचा माल जुन्नरला आला तो नाणेघाटाने, बैलांच्या पाठीवरून. त्याच घाटाच्या माथ्याच्या अंगाला, पूर गावी कुकडेश्वरापाशी, कुकडी उगम पावते. पण त्या मालाला तिचा उपयोग झाला नाही.

तरीही या भागाने आपली ओळख नद्यांवरूनच ठेवली. मढनेर, कुकडनेर, मीननेर, घोडनेर, भीमनेर अशी या खोऱ्यांची जुनी नावे आहेत. 'नेर' म्हणजे खोरे. माणसाचा पत्ता नदीवरून सांगत. आम्ही निघालो ते घोडनेराचा हा पत्ता शोधावयास.

आम्ही म्हणजे आम्ही उभयता, चौदा वर्षांचा मुलगा, अकरा वर्षांची मुलगी आणि मुलांचे मामा. दिवस डिसेंबरअखेरचे, नाताळच्या सुट्टीचे. त्या दिवसांत जलाशय बऱ्यापैकी भरलेले असतात, थंडी असते आणि शेताला रब्बीचे पाणी सुरू होण्याची वेळ असते. बरोबर हवा भरण्याच्या दोन कयाक, पाच लाइफ जॅकेटे, एक पायाने दाबावयाचा पंप, दोन तंबू, पिठाचा डबा, शेंगदाण्याची चटणी आणि एक पातेले. जलाशयावर जाण्यापूर्वी संबंधित कचेरीत विचारून परवानगी घेतली. भिंतीजवळ व दरवाज्यांजवळ होडी न्यावयाची नाही, अशी सक्त सूचना मिळाली, आणि ती रास्त आहे.

पहिला मुक्काम आहुपे. घोड नदी याच परिसरात, सुमारे एक हजार मीटर उंचीवर उगम पावते. गावापासून थोडे चालत गेले की जमीन एकाएकी संपते. खाली कोकण दिसते आणि गोरखगड व मच्छिंद्रगडाचे सुळके बोटाएवढे भासतात. या कड्यावर पडलेल्या पावसाचा जो थेंब पश्चिमेला घरंगळतो, तो काही तासांतच कोकणातल्या ओढ्यांतून अरबी समुद्राची वाट धरतो. त्याच्या शेजारचा थेंब पूर्वेकडे कलला, तर तो घोडेतून भीमेत, भीमेतून कृष्णेत आणि कृष्णेतून थेट बंगालच्या उपसागरात जावयाचा. पंढरपुरास चंद्रभागेत उभा राहणारा वारकरी आहुप्याच्या पावसाचाही वाटेकरी असतो. मुलांना हे सांगितले, तेव्हा मुलीने बाटलीतले थोडे पाणी कड्याच्या अलीकडे आणि थोडे पलीकडे ओतून पाहिले. भूगोलाचा एवढा चांगला तास तिला शाळेत मिळाला नसेल.

येथे भैरवनाथाची देवराई आहे. तिच्यात कुऱ्हाड चालत नाही, म्हणून तिच्या सावलीत पाणी टिकते. आजूबाजूचे लोक बहुतेक महादेव कोळी. भात, नाचणी ही त्यांची पिके आणि हिरडा हे रोकड मिळविण्याचे साधन. पावसाळ्यात येथे तीन-चार हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. येथून शंभर-एक किलोमीटर पूर्वेला शिरूरच्या बाजूस तो पाचशेच्या आसपास येतो. एका नदीच्या दोन टोकांमधला हा फरक पुढच्या साऱ्या कथेचे मूळ आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नदीच्या कडेने खाली निघालो. होड्या पाठीवर. पात्रात पाणी थोडे आणि दगड फार. डोहामागून डोह लागत होते. दोन डोहांच्या मध्ये पाण्याची एक बारीक धार. मुलगा म्हणाला, "बाबा, आपण नदीला होडी दाखवायला आणलीय का?" त्याचे म्हणणे खोटे नव्हते. दिवसभरात होडी पाण्यात उतरली नाही.

याच खोऱ्यात माळीण आहे. ३० जुलै २०१४ रोजी सकाळी मुसळधार पावसात डोंगराचा भाग सुटून या गावावर आला आणि १५१ माणसे गेली. नेहमीच्या वेळी एस.टी. घेऊन आलेल्या चालकाला समोर गावच दिसेना, तेव्हा जगाला ही वार्ता कळली. पुढे वाचलेल्यांचे पुनर्वसन जवळच आमडे येथे झाले. आम्ही स्मारकापाशी थांबलो. मुलांनी नावे वाचली आणि एकाच आडनावाची किती माणसे आहेत हे मोजू लागली. आम्ही त्यांना थांबविले नाही. ज्या पाण्याच्या मागे आपण निघालो आहोत, ते पाणी वरच्या अंगाला काय किंमत घेऊ शकते, हे त्यांना कळणे इष्ट होते.

संध्याकाळी नदी संपली. संपली म्हणजे एका वळणावर दगड नाहीसे झाले, धार थांबली आणि पुढे खोरेभर निश्चल पाणी पसरलेले दिसले. हा डिंभे धरणाचा जलाशय, म्हणजे हुतात्मा बाबू गेनू सागर. परदेशी कापडाच्या मालमोटारीपुढे १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत प्राण देणारा हा गिरणी कामगार याच तालुक्यातील महाळुंगे पडवळचा. जलाशयाचा उपयुक्त साठा सुमारे साडेबारा टीएमसी आहे. टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट, आणि एक अब्ज घनफूट म्हणजे सुमारे २,८३१ कोटी लिटर. आकडे मोठे झाले की डोळ्यांपुढे काही उभे राहत नाही, म्हणून त्या रात्री तंबूत मुलाकडून हिशेब करून घेतला. माणशी रोज १३५ लिटर धरले, तर एक लाख वस्तीच्या शहराला हा साठा, बाष्पीभवन सोडून दिल्यास, सुमारे बहात्तर वर्षे पुरेल.

तिसऱ्या दिवशी होड्या फुगविल्या. बरोबर वाट दाखविण्यासाठी जवळच्या वाडीतले एक वृद्ध मच्छीमार आपली होडी घेऊन आले. मुले त्यांना आजोबा म्हणू लागली. पहाटेचे पाणी आरशासारखे असते. दुपारी वारा सुटला की एवढ्या मोठ्या पसरट पाण्यावर लाटा उठतात आणि हलकी होडी आडवी फिरते. म्हणून सकाळी लवकर निघून ऊन चढण्यापूर्वी काठ गाठावयाचा, हा त्यांचा पहिला धडा. दुसरा धडा त्यांनी नकळत दिला. मामांनी गळ टाकण्यासाठी एक जागा निवडली, तेव्हा आजोबा म्हणाले, "हितं नका टाकू. हितं आमचा आंबा हाय. समदं अडकंल." थोडे पुढे गेल्यावर म्हणाले, "हितं टाका. हे खाचर हाय, तळ साफ हाय."

आंबा कोठेच दिसत नव्हता. तो खाली होता, अनेक पुरुष पाण्याखाली. श्रोतेहो, ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव मिळाले, ते आंबेगावच या पाण्यात गेले आहे. तालुक्याची कचेरी घोडेगावी आणि तालुक्याचे नाव पाण्याखाली, अशी ही स्थिती. विसाव्या शतकाच्या अखेरीस धरण पुरे झाले. आजूबाजूची गावे काही पूर्ण, काही अंशतः बुडाली. उन्हाळ्यात पाणी उतरले की जुनी जोती वर येतात. परंतु त्या जोत्यांहून अधिक टिकाऊ असे काही आम्हांला आजोबांजवळ दिसले. बुडालेल्या गावाचा नकाशा मच्छीमाराच्या जाळ्यात शिल्लक आहे. कोठे झाड होते, कोठे विहिरीचा कठडा, कोठे भाताचे खाचर, हे त्याला माहीत असावेच लागते, नाहीतर जाळे फाटते. शेतकऱ्याचा मच्छीमार झाला. पण शेत ठाऊक असल्यावाचून त्याला मासाही धरता येत नाही.

हा धंदाही त्यांना सहजासहजी लाभलेला नाही. पूर्वी मोटारीच्या चाकाच्या ट्यूबवर बसून लोक जाळी टाकीत. पुढे आदिवासी मच्छीमारांनी सहकारी संस्था उभी केली, होड्या आल्या, मत्स्यबीज सोडणे सुरू झाले. पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळाच्या जमिनीत पीक घेण्याचा हक्क मिळावा म्हणूनही खटपट झाली. या कामात त्यांच्याबरोबर असलेल्या 'शाश्वत' या संस्थेला २०१२ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. हे काम आपल्या जिल्ह्यात, तासा-दोन तासांच्या अंतरावर झाले आणि आपल्यापैकी फार थोड्यांना त्याची माहिती आहे.

रात्री काठावर चूल पेटविली. आजोबांच्या घरून नाचणीची भाकरी आणि माशाचे कालवण आले. जेवताना आमच्या सौभाग्यवतींनी सहज विचारले, "उन्हाळ्यात पाण्याची चैन असेल तुम्हांला?" आजोबांच्या सूनबाई हसल्या. म्हणाल्या, "ताई, पानी खाली, आमी वर. हंडा कोन चढवनार?" या एका वाक्यात पाटबंधाऱ्याचे सारे शास्त्र आहे. कालवा पाण्याला उतारानेच नेतो. भिंतीच्या खालचे शेत शंभर किलोमीटर लांब असले तरी तेथे पाणी आपोआप पोचते. भिंतीच्या वरची वाडी शंभर पावलांवर असली तरी तेथे ते आपोआप पोचत नाही. त्याला वीज लागते, पंप लागतो, नळ लागतो आणि ते बिल भरणारा लागतो. म्हणूनच ज्या डोंगरात एवढा मोठा पाऊस पडतो, त्या डोंगरातल्या वाड्यांना एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट पाहावी लागते, अशा बातम्या आपण दर वर्षी वाचतो.

चौथ्या दिवशी भिंतीपासून बऱ्याच अलीकडे होड्या काठाला घेतल्या, हवा काढली आणि वळसा घालून खाली उतरलो. भिंतीखाली पुन्हा नदी सुरू होते, पण ती निराळी नदी असते. वरच्या अंगाची घोड पावसाच्या मर्जीने वाहते. खालच्या अंगाची घोड पाणी सोडले की वाहते. आमच्या भागात आता शेतकरी "नदीला पाणी आले" असे न म्हणता "नदीला पाणी सोडले" असे म्हणतात. सोडण्याच्या पाळीला आवर्तन असा शब्द आहे. पूर्वी आवर्तने देवळात होत, अथर्वशीर्षाची आणि रुद्राची. आता आवर्तनाची तारीख वर्तमानपत्रात येते आणि अवघा तालुका तिच्याकडे डोळे लावून बसतो.

सोडलेले पाणी पात्रात धरून ठेवण्यासाठी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. दगडी खांबांच्या गाळ्यांत पावसाळा सरल्यावर ढापे बसवितात आणि पावसाळ्यापूर्वी काढतात. त्यामुळे या भागात घोड नदी म्हणजे एकाखाली एक ठेवलेली लांबट तळी. होडी चालविण्यास यासारखी सुखाची जागा नाही. काठाला बाभळी, वर खंड्या, पाण्यात उसाची सावली. परंतु दर थोड्या अंतरावर बंधारा आडवा येतो. होडी उचलावयाची, काटेरी वाटेने पलीकडे न्यावयाची, पुन्हा पाण्यात घालावयाची. त्या दिवशी कॅनडातल्या पोर्टेजची आम्हांला पुरेपूर ओळख झाली. घोडेगावाच्या घाटापाशी पोचलो तेव्हा वल्हे मारून दुखणाऱ्या हातांपेक्षा ओझे वाहून दुखणारे खांदे अधिक होते. घाटावर कपडे धुणाऱ्या एका आजीबाईंनी विचारले, "कुठनं आलात?" मुलीने सांगितले, "आहुप्याहून, नदीने." आजीबाई म्हणाल्या, "नदीनं कसं येतील? नदी तर धरणात ऱ्हाती."

येथून पुढे तंबू ठोकला नाही. जुन्नर-आंबेगावात बिबट्या आता डोंगरात नाही, उसात राहतो. धरणाचे पाणी आले, पाण्यामागून ऊस आला, आणि उसाच्या दाटीत बिबट्याला बारमाही आडोसा मिळाला. तेथेच तो वाढतो आणि कुत्री, शेळ्या, वासरे यांवर जगतो. माणसांवर, विशेषतः लहान मुलांवर हल्ले झाल्याने कित्येक घरांत संध्याकाळनंतर मुलांना अंगणातही सोडीत नाहीत. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र आहे, पण तेवढ्याने प्रश्न सुटणारा नाही. नदीकाठी मुलांना घेऊन उघड्यावर झोपणे शहाणपणाचे नव्हते. एका शेतकरी कुटुंबाने ओसरी दिली, दार आतून लावून घेतले आणि पहाटेपर्यंत कोणी बाहेर पडावयाचे नाही अशी ताकीद दिली. पाण्याने या भागाला संपन्न केले, यात शंका नाही. कांदा, बटाटा, द्राक्षे, टोमॅटो, दुधाचे धंदे, सारे त्याच्याच जिवावर आहे. पण पाण्याबरोबर काय काय येते, त्याची यादी वाचताना ही ओळही वाचली पाहिजे.

पाचव्या दिवशी खरा पेच पडला. घोड नदीच्या पाठीमागे जावयाचे, तर कळंबच्या पुलाखालून शिरूरकडे जावयाचे. पण आम्ही निघालो होतो आहुप्याच्या पाण्यामागे, आणि त्या पाण्याचा फार मोठा भाग त्या वाटेने जातच नाही. डिंभ्याच्या भिंतीपासून डावा कालवा निघतो. तो पन्नास-पंचावन्न किलोमीटर चालून, मीनेचे खोरे ओलांडून जुन्नर तालुक्यात शिरतो आणि कुकडीवरच्या येडगावच्या जलाशयात घोडचे पाणी नेऊन ओततो. माणिकडोह, पिंपळगाव जोगे, वडज, येडगाव आणि डिंभे या पाच धरणांचा मिळून कुकडी प्रकल्प होतो. त्यांत येडगाव लहान, साठा जेमतेम दोन टीएमसी. पण सर्वांचे पाणी तेथे गोळा होते. घोडनेराचे पाणी कुकडनेरात जावे, ही गोष्ट निसर्गाच्या नकाशात नव्हती. ती माणसाने केली.

मुलांचा आग्रह होता की कालव्यातून होडी न्यावी. सरळ पाणी, एकही बंधारा नाही! ते आम्ही ठामपणे नाकारले, आणि ऐकणाऱ्या पालकांसाठी कारण सांगतो. कालव्याचे काठ अस्तर करून गुळगुळीत केलेले व उतरते असतात. पाण्यात पडलेल्या माणसाला धरावयास काही मिळत नाही. पाणी संथ दिसले तरी त्याला ओढ असते, आणि पुढे दरवाजे व पुलाखालचे बंद मार्ग असतात. कालव्यात बुडून माणसे दगावल्याच्या बातम्या दर वर्षी येतात. आम्ही कालव्याच्या कडेच्या रस्त्याने काही टप्पा पायी आणि उरलेला एस.टी.ने गेलो. वाटेत एका फाट्यावर दोन शेतकरी पाळीवरून वाद घालीत होते. एकाच्या हातात घड्याळ होते, दुसऱ्याच्या हातात फावडे. पाण्याचे सारे राजकारण या दोन वस्तूंत सामावलेले आहे.

सहाव्या दिवशी नारायणगावहून येडगावला पोचलो आणि शेवटची होडी पाण्यात घातली. तासभर वल्हवून मध्यावर थांबलो. मुलीने विचारले, "हे पाणी आहुप्याचे, की कुकडेश्वराचे?" त्याचे उत्तर आता कोणासही देता येणार नाही. त्या पाण्याचा पुढचा मुक्कामही नदी ठरवीत नाही. येडगावहून निघणारा कुकडीचा डावा कालवा २४९ किलोमीटर लांब आहे. तो पुणे जिल्ह्यातून अहिल्यानगर जिल्ह्यात आणि तेथून सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्यापर्यंत जातो. आहुप्याच्या कड्यावर पडलेला पाऊस करमाळ्याच्या शेतात उतरतो. दुष्काळी मुलखातल्या त्या शेतकऱ्याला पाणी मिळू नये, असे कोणी सुबुद्ध माणूस म्हणणार नाही. शिरूरपलीकडे पाऊस पाचशे मिलिमीटर, आणि आहुप्यास त्याच्या कितीतरी पट. ही विषमता थोडी तरी पुसून काढणे, हे या प्रकल्पाचे मोठेपण आहे.

पण वाटणी करावयाची, तर सर्व वाटेकरी पंगतीला बसले पाहिजेत. आज आवर्तनाची बैठक भरते, तेव्हा जुन्नर आणि आंबेगाव म्हणतात, पाणी आमच्या डोंगरातले. श्रीगोंदा, कर्जत, करमाळा म्हणतात, कालवा आमच्यासाठी काढला. दोघांचेही म्हणणे खरे आहे. मात्र या दोन्ही बाजू भिंतीच्या खालच्या आहेत. भिंतीच्या वरची वाडी, जिची जमीन पाण्याखाली गेली आणि जिच्या डोक्यावरचा डोंगर माळीणसारखा पावसात खचू शकतो, तिची बाजू मांडणारा आवाज त्या वादात क्षीण असतो. ज्याच्या खाचरावर जलाशय उभा आहे, त्याच्या हंड्यात वर्षभर पाणी असले पाहिजे. ही मागणी औदार्याची नाही; साध्या हिशेबाची आहे. साडेबारा टीएमसीतून काही वाड्यांच्या पिण्याचे पाणी वर चढविले, तर साठ्याच्या आकड्यात दशांशानंतरचा एखादाच आकडा बदलेल.

आपण शहरातली माणसे या वादात कोठे आहोत? आपणही भिंतीच्या खाली आहोत. आपल्या नळाचे पाणी कोणत्या धरणातून येते, हे कदाचित सांगता येईल. त्या धरणाखाली कोणते गाव आहे, त्या पाण्याचा पाऊस कोणत्या कड्यावर पडतो, ते आपल्याकडे येण्यासाठी कोणत्या नदीचे पात्र कोरडे पडते, हे सांगणारे या सभेत किती निघतील? आमची मुले प्रवासापूर्वी सांगू शकत नव्हती. आता सांगतात, आणि नळ वाहता राहिला तर आम्हांला दटावतातही.

कयाक सर्वांना मिळेल असे नाही आणि तिची आवश्यकताही नाही. देशावरच्या नदीचा प्रवास मुख्यतः पायांनीच करावा लागतो, हे आपण पाहिले. आमची सूचना एवढीच आहे. दर वर्षी सुट्टीत आपण मुलांना दूरची थंड हवेची ठिकाणे दाखवितो. त्यांतले चार दिवस आपल्या पाण्यासाठी काढावेत. उगमापाशी जावे, भिंतीच्या वर एक रात्र राहावे, तेथल्या माणसांशी बोलावे, मग भिंतीच्या खाली उतरून कालव्याच्या कडेने चालावे. शाळांनी इयत्ता आठवी-नववीच्या सहली अशा काढाव्यात. नगरपालिकेने पाणीपट्टीच्या पावतीवर धरणाचे आणि त्यात बुडालेल्या गावांचे नाव छापावे. त्याला खर्च काहीच नाही. पण घरोघरी दर वर्षी ते नाव एकदा तरी वाचले जाईल, आणि ज्यांचे नाव आपण वाचतो, त्यांची तहान विसरणे थोडे कठीण होते.

घोडनेर, मीननेर, कुकडनेर ही नावे ज्यांनी ठेविली, त्यांना आपले पाणी कोठून येते हे ठाऊक होते, कारण ते दारावरून वाहत होते. आपल्या दारावरून ते आता वाहत नाही, नळातून येते. म्हणून ते कोठून येते, हे आपणांस चालत जाऊनच शिकावे लागेल. ते शिकलेला नागरिक पाण्याच्या सभेत निराळे बोलेल आणि निराळे मत देईल, असा आमचा विश्वास आहे.